चांगलं वागणं म्हणजे काय? सेलिब्रिटींचे सल्ले ऐकताना

“कारण देत बसू नका. ‘नाही’ हे पूर्ण वाक्य आहे.” हा सल्ला कुठल्या ना कुठल्या मुलाखतीत किंवा रीलमध्ये हमखास कानावर पडतो. सांगणारा चेहरा ओळखीचा, आवाज ठाम, आणि ऐकताना आपल्यालाही बळ आल्यासारखं वाटतं. माझ्या मावसबहिणीने तो अगदी मनावर घेतला. नोकरीचा तिसरा महिना होता. संध्याकाळी सहाला साहेबांनी आणखी एक काम पुढे केलं, तेव्हा ती म्हणाली, “नाही, जमणार नाही.” एवढंच. साहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, “बरं” म्हणाले आणि वळले. रात्री अकराला तिचा मला फोन. “ताई, मी उद्धटपणा केला का गं?”

कामाला नाही म्हणण्यात काहीच गैर नव्हतं. तरी तिला काहीतरी खटकलं होतं, आणि ते नेमकं काय, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्यानंतर या विषयावर मी बरंच वाचलं. माणसं एकमेकांशी नीट वागतात म्हणजे काय करतात, याची उकल अभ्यासकांनी फार छान केली आहे. ती एकदा कळली की सेलिब्रिटींच्या सल्ल्यांतलं काय घ्यायचं आणि काय तिथेच सोडून द्यायचं, हे ओळखणं पुष्कळ सोपं जातं.

मान आणि मोकळीक

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली एक निबंध लिहिला. चारचौघांत वावरताना प्रत्येक माणूस स्वतःची एक प्रतिमा जपत असतो, पण ती त्याला एकट्याला जपता येत नाही. समोरच्याने मान्य केली तरच ती टिकते, असं त्यांचं म्हणणं. त्या प्रतिमेला त्यांनी ‘चेहरा’ म्हटलं. मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. मान राखणं, लाज राखणं, तोंडघशी पाडणं, तोंड दाखवायला जागा न उरणं, हे सगळे वाक्प्रचार त्याच चेहऱ्याबद्दलचे आहेत.

पुढे पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा एकमेकींपासून फार दूरच्या तीन भाषांमधलं बोलणं तपासलं. १९७८ मध्ये त्यांचा दीर्घ निबंध आला आणि १९८७ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. त्यांच्या मते त्या चेहऱ्याच्या दोन गरजा असतात. एक, लोकांनी मला आपलं म्हणावं, माझी किंमत ठेवावी. दुसरी, लोकांनी मला मोकळं सोडावं, माझ्यावर कशाची सक्ती करू नये. सोप्या शब्दांत, मान आणि मोकळीक. कुणाकडे काही मागणं, कुणाला नकार देणं, चूक दाखवणं, मध्येच तोडणं, या सगळ्यात समोरच्याच्या मानाला किंवा मोकळिकीला थोडा धक्का बसतोच. तो सौम्य करायला आपण जे जे करतो, त्याचं नाव सौजन्य.

किती सौम्य करायचा, हे आपण नकळत तीन गोष्टींवरून ठरवतो. दोघांत वजन कुणाचं जास्त आहे, दोघांची ओळख कितपत आहे आणि मागणं किती मोठं आहे. मैत्रिणीकडे पेन मागताना “पेन दे गं” पुरतं. अनोळखी माणसाकडे तेच पेन मागताना “जरा पेन मिळेल का, लगेच परत देते” होतं. आणि कुणाला कर्जाला जामीन राहायला सांगायचं असेल, तर आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलण्यात जातात. तू, तुम्ही की आपण, हा प्रश्नही आपण याच मोजमापाने सोडवतो. तोही इतक्या झटपट, की मोजमाप केलं हे आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

आता तो ‘नाही’चा सल्ला पुन्हा बघा. प्रसिद्ध माणसाच्या आयुष्यात वजनाचं पारडं जवळजवळ नेहमी त्याच्याच बाजूला झुकलेलं असतं. त्याने कारण न देता नकार दिला तर समोरचा स्वतःच समजूत घालून घेतो: बिझी असतील, दमले असतील. नकारामुळे आलेला अवघडलेपणा समोरचा निमूट उचलतो. शिवाय अशा माणसाकडे रोज शेकडो मागण्या येत असतात. प्रत्येकीला कारण देत बसला तर दिवस त्यातच जाईल. म्हणजे त्याच्या जागी तो सल्ला बरोबरच आहे. माझ्या बहिणीचं पारडं मात्र हलकं होतं, समोर रोज दिसणारा माणूस होता आणि मागणंही तसं लहान होतं. तिथे उघडावाघडा ‘नाही’ समोरच्याला हुकूम दिल्यासारखा वाटतो. जावे त्याच्या वंशा, म्हणतात ते याच अर्थाने.

आज मी तिला काय सांगेन? नकार अजिबात मागे घेऊ नकोस. भीड ही भिकेची बहीण, हे आजीपणजीपासून ऐकत आलोय आणि ते खरं आहे. सगळ्याला हो म्हणत सुटणं म्हणजे चांगलं वागणं नव्हे. फक्त नकाराला टेकायला काहीतरी दे. “आज नाही होणार, उद्या अकरापर्यंत देते.” कामाला नकार तोच आहे, पण साहेबांना पुढची आखणी करता येते आणि तोंडघशी पडल्यासारखं वाटत नाही. कारण द्यायचंच असं नाही. पुढचा रस्ता मात्र दाखवायचा.

मग त्यांचं ऐकतो तरी का?

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवलं, की वरिष्ठ अधिकारी हाताखालच्यांची पारख करताना एका गुणावरून बाकीचे गुण ठरवून टाकतात. देखणा, रुबाबदार असेल तर बुद्धिमानही असेल, सचोटीचाही असेल, असं धरून चालतात. पडद्यावर उत्तम अभिनय करणाऱ्याला किंवा मैदान गाजवणाऱ्याला माणसांशी कसं वागावं हेही कळत असणार, असं आपल्याला वाटतं ते याच सवयीने. त्यात १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी मांडलेली एकतर्फी ओळखीची गोष्ट मिळवा: रोज पडद्यावर दिसणारा माणूस आपल्या घरातलाच वाटायला लागतो. घरातल्या माणसाचं ऐकतो तसं आपण त्याचं ऐकतो. यात ऐकणाऱ्याला मूर्ख ठरवण्यासारखं काही नाही. ओळखीच्या माणसांकडून वागणं उचलतच आपण सगळे मोठे झालो.

आणि नावाजलेली सगळीच माणसं चुकीचं सांगतात असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांचं शिष्टाचारावरचं पुस्तक १९६२ साली आलं. कुठलाही नियम शेवटी दयाबुद्धीवर उभा असतो, हा त्याचा पाया. त्यांच्याइतक्या उंचीवर राहून ते ध्यानात ठेवणं सोपं नसावं.

नियम कुंपण कधी होतो

एटिकेट हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ चिठ्ठी किंवा लेबल. राजदरबारातल्या रीतभातीला तो चिकटला, आणि त्या दरबाराचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे व्हर्सायमधला चौदाव्या लुईचा दरबार. रात्री राजा झोपायला जाताना शमादान कुणी धरायचं, हा मोठा मान होता. रोज एकाचं नाव घेतलं जाई आणि बाकीचे सरदार मनातल्या मनात झुरत. बड्या बड्या घराण्यांतली माणसं एका मेणबत्तीसाठी ताटकळत ठेवायची, ही सत्ता राखण्याची अतिशय हुशार पद्धत होती. अशा नियमाचं काम एकच: आतला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवणं.

पण याच राजाबद्दल सँ-सिमाँ या दरबाऱ्याने आपल्या आठवणींत आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वाटेत कुठलीही स्त्री भेटली तरी राजा टोपी उचलल्याशिवाय पुढे जात नसे, आणि ती खोल्या झाडणारी मोलकरीण आहे हे माहीत असलं तरीही. राजाला त्या बाईकडून काहीही मिळणार नव्हतं. टोपी नुसती वर-खाली झाली, पण तेवढ्यात तिला कळलं की आपण दिसलो.

माणूस एकच आणि रीतभातही त्याचीच. शमादानाने सरदारांवर ओझं टाकलं, टोपीने मोलकरणीच्या वाट्याला थोडा मान आला. हे वाचल्यापासून कुठलाही सल्ला ऐकला की मी एवढंच तपासते: यामुळे ओझं कुणाचं हलकं होतंय? सांगणाऱ्याचं की समोरच्याचं? टेबलावर कुठला चमचा आधी उचलायचा, कुठल्या समारंभाला कुठला रंग चालत नाही, असले नियम बहुतेक वेळा शमादानाच्या जातीचे निघतात. माहीत असले तर उत्तम, पण ते माहीत नसलेल्याला हसणं हे त्या नियमापेक्षा किती तरी मोठं गैरवर्तन आहे. वेळेवर पोचा, बोलणाऱ्याचं नाव नीट उच्चारा, फोन बाजूला ठेवून ऐका, हे टोपीचे नियम. कुणीही सांगितले तरी घ्यावेत.

आजाऱ्याच्या उशाशी

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर सौजन्याचे ११० नियम प्रसिद्ध आहेत. खरं तर ते त्यांचे नाहीतच. सोळा वर्षांचे व्हायच्या आत त्यांनी वहीत उतरवून काढलेले ते नियम सोळाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समधल्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी जुळवलेल्या यादीतून आले होते. मोठं नाव लागलं की सल्ला त्या नावाचा होतो, हे तेव्हाही तसंच होतं. त्या यादीतला एक नियम असा: आजाऱ्याला भेटायला गेलात आणि वैद्यकी येत नसेल, तर लगेच वैद्य होऊ नका.

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा हा नियम मला ठाऊक नव्हता, पण त्याची गरज मी आठ दिवस अनुभवली. येणारं प्रत्येक माणूस प्रेमाने येत होतं. कुणी औषध बदला म्हणत होतं, कुणी आपल्या ओळखीतल्या अशाच एका केसची सगळी कहाणी सांगत होतं. ती कहाणी बहुतेक वेळा वाईट वळणावर संपायची आणि आई छताकडे बघत राहायची. निघताना सगळ्यांचं वाक्य एकच: “काही लागलं तर नक्की सांग हं.” मनापासूनचंच वाक्य. पण ते ऐकल्यावर काय लागतंय हे शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच गिळून फोन करायचा, हे सगळं माझ्याच अंगावर पडत होतं. मी एकदाही कुणाला फोन केला नाही.

तिसऱ्या रात्री आईच्या ऑफिसातले एक काका आले. आईशी दोन मिनिटं बोलले, तिच्या आजाराबद्दल एक शब्द काढला नाही. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “दहा ते दोन मी बसतो. तू त्या बाकावर झोप. दोनला उठवतो.” मी अहो, राहू द्या, असं म्हणायला लागले तर त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाकावर ठेवली आणि आत जाऊन खुर्चीत बसलेसुद्धा. दोन वाजता त्यांनी हलकेच उठवलं. हातात एका छोट्या वहीचं पान होतं. सलाइन कधी बदललं, आईने पाणी किती वेळा मागितलं, नर्स पुन्हा किती वाजता येणार, सगळं वेळेसकट लिहिलेलं.

शिष्टाचारावर लिहिणाऱ्या एमिली पोस्ट या लेखिकेचं नाव निघालं की लोकांना काटेचमचे आठवतात. पण १९२२ सालच्या तिच्या पुस्तकात मृत्यू झालेल्या घराबद्दलचं एक प्रकरण आहे, ते वाचताना मला काकाच आठवले. ती सांगते, दुःखाच्या धक्क्याने शरीरही कोलमडतं, माणसाला थंडी वाजते, म्हणून खोली उबदार ठेवा, ऊन येणारी असेल तर बरं. काहीतरी गरम, पातळ, थोडंसं करून आणा. आणि ‘हवं का’ असं विचारू नका, नुसतं पुढे ठेवा. विचारलं की माणूस नको म्हणतो. समोर आलं की दोन घोट घेतो. आधी म्हटलं की सक्ती नको, मोकळीक द्यावी. इथे तिने उलटं सांगितलं, आणि तेही बरोबर आहे, कारण त्या घडीला निवड करणं हेच ओझं असतं. नियम पाठ करून चांगलं वागता येत नाही ते यामुळे. समोरच्याला आत्ता कशाचा भार होतोय, हे दर वेळी नव्याने बघावं लागतं.

बोलण्यातही असा भार असतो, पण तो दिसत नाही. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो, असं त्यात आढळलं. भाषाभाषांत फरक होता, पण थोडाच. एवढ्याशा फटीत शिरायला जो जरा कचरतो, किंवा ज्याचा आवाज ऑनलाइन मीटिंगमध्ये क्षणभर उशिरा पोचतो, त्याची पाळी येतच नाही. आमच्या मीटिंगमध्ये एक जण आवर्जून म्हणतो, “एक मिनिट, तिचं वाक्य अर्धं राहिलंय.” इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम करणारं दुसरं वाक्य मला माहीत नाही.

माफी मागताना

सेलिब्रिटींकडून काय शिकू नये याचा सगळ्यात स्पष्ट नमुना म्हणजे जाहीर माफी. “माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.” हे वाक्य आता इतकं रुळलंय की लहान मुलंही भांडणानंतर ते वापरतात. त्यातला ‘तर’ बघा. चूक झाली की नाही हे ठरवायचं काम तो दुखावलेल्या माणसावरच ढकलतो. २०१६ साली रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग वेगळे करून तपासले: खेद, घडलं कसं याचा खुलासा, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याचा शब्द, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते जबाबदारी घेणं, त्याखालोखाल भरपाई. ‘मला क्षमा करा’ हे सगळ्यात शेवटी. मला यात नवल वाटत नाही. क्षमा करा म्हणणं हीदेखील एक मागणीच आहे, आणि ती दुखावलेल्याकडेच केलेली. “मी चुकले, तुझी फाईल माझ्यामुळे उशिरा गेली, साहेबांना मी स्वतः सांगते,” एवढं म्हटलं की समोरच्याने काय करायचं ते त्याचं त्याला ठरवता येतं.

आणि दुसऱ्याची चूक दाखवायची वेळ आली तर? यावरची १५५८ साली छापलेली एक इटालियन गोष्ट मला फार आवडते. व्हेरोनाच्या बिशपकडे एक सरदार पाहुणा आला. सगळ्याच बाबतीत लाघवी, फक्त जेवताना तोंडाचा विचित्र आवाज करायचा. बिशपने जेवणाच्या टेबलावर काही म्हटलं नाही. पाहुणा निघाला तेव्हा गालातेओ नावाच्या एका वयस्क, समंजस माणसाला सोबत पाठवलं. तो बरीच वाट घोड्यावर त्याच्याबरोबर गेला आणि निरोप घेताना म्हणाला, बिशपना तुम्हाला एक भेट द्यायची आहे. मग त्याच्या वागण्याचं कौतुक करून ती एकच गोष्ट हळूच सांगितली. सरदार जरा लाजला, पण लगेच सावरला. अशाच भेटी सगळे एकमेकांना देतील तर माणसं आहेत त्याहून श्रीमंत होतील, असं म्हणून त्याने बिशपचे आभार मानले.

भर टेबलावर सांगितलं असतं तर मान गेला असता. सांगितलंच नसतं तर लोक पाठीमागे हसत राहिले असते. चारचौघांत टोकणाऱ्याला स्पष्टवक्ता म्हणून टाळ्या मिळतात, विशेषतः कॅमेऱ्यासमोर. पण ज्याला टोकलं तो सुधारला का, हे कुणी नंतर जाऊन बघत नाही. त्याच्याही आधी, १५३० साली, इरॅस्मस या डच विद्वानाने एका सरदारपुत्रासाठी वागण्याबोलण्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. नाक कशाला पुसायचं इथपासून सगळं त्यात आहे, आणि अखेरीस तो सांगतो की सौजन्याचा मोठा भाग म्हणजे आपण स्वतः कुठे न चुकणं, पण दुसऱ्याच्या चुका सहज पोटात घालणं.

राहता राहिलं थँक्यू. हाताने लिहिलेल्या पत्राने आभार माना, हा सेलिब्रिटींचा आणखी एक आवडता सल्ला. हा मात्र मी घेतला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ मधला अभ्यास सांगतो की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला, समोरचा अवघडेल, असं वाटत राहतं. प्रत्यक्षात तो फारसा अवघडत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा त्याला किती तरी जास्त बरं वाटतं. हे वाचलं तेव्हा काकांच्या त्या रात्रीला सात महिने झाले होते, आणि त्या गडबडीत मी त्यांना धड थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं. आता काय लिहायचं, फार उशीर झाला, असं म्हणत आणखी आठवडा गेला. मग एका रविवारी बसून एक पान लिहिलं. बाक, शाल, वहीचं पान, सगळं आठवेल तसं. ते पान मी अजून जपून ठेवलंय, हेही.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाले, मग थोडं थांबले. “आई आता जिना चढतात का?”